खांद्याचे टक्के

माझ्या नवऱ्याला सरकारनं अठ्ठावीस टक्के अपंग ठरवलं, तेव्हा माझ्या थोरल्या दिरानं भर ओसरीत टाळ्या पिटल्या.

"पास व्हायला पस्तीस लागत्यात, गोरख्या! तू हितंबी नापास!"

मी चुलीपाशी होते. तव्यावर भाकरी होती आणि हातात उलथणं. आबासाहेब हसत हसत ओसरीवर बसले. नावातच साहेब, आणि वयानं थोरले, म्हणून मान द्यावा लागतो. तो मी बोलण्यापुरता देते. गोरक्ष, म्हणजे माझा नवरा, भिंतीला टेकून खाली बघत होता. हो, नवऱ्याचं नाव घेते, तेही उखाण्याशिवाय. माहेर केडगावचं, नगरला लागून, त्यामुळे सासरी माझ्या या सवयींवरून टोमणेही बसतात आणि माझ्या बोलण्याची नक्कलही होते.

मी गावातली अंगणवाडी सेविका. पोरांना खिचडी घालण्यापासून म्हाताऱ्यांचे फॉर्म भरण्यापर्यंत सगळी कामं माझ्याकडेच येतात. अपंगांची सतरा कार्डं मी काढून दिली आहेत. त्यामुळे मला पाठ आहे: चाळीस टक्के आणि त्याच्या वर असलं की पेन्शन, एसटीची सवलत, पंचायतीचा निधी. चाळीसच्या खाली गेलं की नुसता कागद. तो कागद घेऊन चाटायचा.

आणि माझ्याच घरात अठ्ठावीस! तपासणीच्या दिवशी नेमक्या आमच्या पर्यवेक्षिका मॅडम अंगणवाडी बघायला येणार होत्या. मला जाता आलं नाही. आबासाहेबांनी गोरक्षला आपल्या टेम्पोत घालून नगरला नेलं आणि परत आणलं.

"अहो, पण अठ्ठावीस कसे?" मी विचारलं. "शर्ट काढला होता का डॉक्टरांपुढं?"

"न्हाई," गोरक्ष म्हणाला.

"का?"

"कागदावर बोटंच हायती."

गोरक्षच्या उजव्या हाताची दोन बोटं नाहीत, अंगठ्याजवळची. ते सगळ्यांना दिसतं. पण खरं दुखणं वर खांद्यात आहे. तो हात छातीच्या वर जातच नाही. घमेलं उचलत नाही, बादली धरत नाही, सदरा मी घालून देते. सदऱ्याखाली तो खांदा कोणाला दिसत नाही, म्हणून गावाच्या तोंडी एकच, 'दोन बोटं गेली म्हणून कोणी घरी बसतं का?' आणि घरात त्याच्यापेक्षा वाईट.

"दोन बोटाची पेन्शन मागतोय," आबासाहेब म्हणाले. "बसून गिळायची सवय लागलीया. घे, गिळ!" आणि गोरक्षपुढचं ताट त्यांनी पायानं उडवलं. कालवण भिंतीवर, भाकरी अंगणात.

मी उलथणं फेकलं. तापलेलं होतं. ते त्यांच्या कानाला लागलं, आणि पुढच्या क्षणी माझी वेणी त्यांच्या मुठीत होती आणि माझं कपाळ ओसरीच्या खांबावर. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटणार तोवर माझ्या सासूबाई, भागीरथीबाई, मधे आल्या. हातात चप्पल. त्यांनी थोरल्या लेकाच्या तोंडावर, मानेवर, जिथं बसेल तिथं चप्पल हाणली.

"सोड तिला! सोड, मुडद्या! परक्याची लेक हाय ती!"

आबासाहेबांनी मला सोडलं, शिव्या दिल्या, टेम्पो चालू करून निघून गेले. तासाभरानं येऊन ओसरीवरच रडत बसणार, हे ठरलेलं. आमच्या घरात मारामारीला मुहूर्त लागत नाही.

या सगळ्यात गोरक्ष उठला नाही. अंगणातली भाकरी डाव्या हातानं उचलली, धूळ फुंकली आणि खाल्ली. माझ्या कपाळातून रक्त आलेलं, आणि हा माणूस भाकरी चावतोय. मला राग यायला हवा होता. पण मला कीव आली. माझा नवरा म्हणजे गरीब गाय, असं मी गावभर सांगायचे.

त्या दिवशी मी ठरवलं, फेरतपासणी करायचीच. राहुरीत एसटी स्टँडमागं दोन खोल्या मी बघून ठेवल्या होत्या. मालकीण बाई बरी होती. माझ्या एकटीच्या मानधनात ते जमणार नव्हतं, पेन्शन मिळाली तर जमणार होतं. हे दोन भाऊ एका छपराखाली राहिले तर एक दिवस एक जण मरणार, आणि तो माझा असणार, याची मला खात्री होती. म्हणून मला चाळीस टक्के हवे होते. मला काही सरकारला लुटायचं नव्हतं. मला माझा नवरा जिवंत बाहेर काढायचा होता.

आता बोटांचं सांगते.

आमच्याकडे चूल एक, वावर दोन. सातबारा सासूबाईंच्या नावावर, पण तोंडी वाटणी झालेली. वरच्या अंगाला आबासाहेबांचा ऊस, खाली गोरक्षचा कांदा. मुळेच्या कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं की शेतापर्यंत येणाऱ्या चारीचं पाणी दोघांनी वेळ वाटून घ्यायचं. फेब्रुवारीत कांदा ऐन पोसायला आला होता. गोरक्षची पाळी चालू असताना आबासाहेबांनी वरून चारीचा बांध, म्हणजे दारं, फोडून पाणी उसात घेतलं. गोरक्ष गेला आणि दारं बुजवून पाणी कांद्यात वळवून आला. त्यांनी परत फोडलं. यानं परत बुजवलं. आबासाहेब जनावरांसाठी उसाचे वाढे तोडत होते, त्यामुळे हातात कोयता होताच. शिव्या झाल्या, एकमेकांचे गळे धरले गेले, कोयता वर गेला, गोरक्षनं हात आडवा घातला. दोन बोटं चिखलात पडली.

मी अंगणवाडीत होते. धावत आले तेव्हा सगळं होऊन गेलेलं. पुढचं मला गोरक्षनं सांगितलं होतं, तेही एकदाच आणि तोंड फिरवून: "बोटं तुटली, मी खाली वाकलो, आबानं फावडं उलटं धरून खांद्यात घातलं." एवढंच. आठ महिने मी ते वाक्य उराशी धरून होते. खाली वाकलेल्या, रक्तानं भरलेल्या भावाला मारणारा माणूस माझ्या हातची भाकरी खात होता.

पण त्या दिवशी मी जे डोळ्यांनी पाहिलं ते वेगळंच होतं. मी वस्तीवर पोचले तेव्हा सासूबाई गोठ्यात कडबा कापायच्या कुट्टी मशीनपाशी उभ्या होत्या. त्यांच्या हातात गोरक्षच्या हाताला आधी बांधलेला पंचा होता, रक्तानं जड झालेला. तो त्या मशीनच्या पात्यावर पिळत होत्या. धुणं पिळावं तसा, दोन्ही हातांनी, शांतपणे.

"मशीनमधी हात गेला," त्या मला म्हणाल्या. "इचारलं कुनी तर असं सांगायचं. आपलेच दात, आपलेच ओठ. येक लेक हाताला मुकला, दुसरा तुरुंगात घालू का?"

मग राहुरीच्या खासगी दवाखान्यात कागदावर लिहिलं गेलं, कडबाकुट्टी यंत्रात बोटं तुटली. आणि खांदा? कुट्टी मशीन काही उडी मारून खांद्यावर बसत नाही. डॉक्टरनं विचारलं तर काय सांगणार? म्हणून खांदा दाखवलाच नाही. बोटं डॉक्टरकडे आणि खांदा हाडवैद्याकडे. त्यानं लेप लावला, कामट्या बांधल्या, शंभर दिवस भात खाऊ नका म्हणाला. हाड वाकडं जुळलं, हात सुकत गेला. आमचं खोटं लहान आणि इजा मोठी, म्हणून इजाच कापून खोट्याच्या मापाची केली. असले शहाणे आम्हीच.

फेरतपासणीची तारीख ऑक्टोबरमधली आली, बुधवार. आदल्या दिवशी मी अंगणवाडीच्या रजिस्टरमधली दोन पानं फाडली आणि अर्ज लिहिला. तो आरोग्य खात्याला नव्हता, पोलिसांना होता. आबासाहेबांचं पूर्ण नाव, तारीख, कोयता, फावडं, सगळं. टक्केही घ्यायचे आणि या माणसाला हिसकाही दाखवायचा, एका फेरीत दोन्ही. अर्ज पर्समध्ये ठेवला. गोरक्षला सांगितलं नाही. तो नको म्हणाला असता.

सकाळी बघते तर टेम्पो तयार, आणि आबासाहेबांशेजारी सासूबाई नवं लुगडं नेसून बसलेल्या.

"तुम्ही कशाला, आत्याबाई?"

"लेकाची तपासनी हाय. मी न्हाई जायची तर कोन?"

आम्ही दोघं मागं हौद्यात बसलो.  राहुरीचं कृषी विद्यापीठ मागं पडलं तेव्हा गोरक्ष वाटेत एकदाच म्हणाला, "खांद्याचं बोलू नको, रुपाली. अठ्ठावीस तर अठ्ठावीस."

"आणि खायचं काय? लाथा?"

त्यानं तोंड दुसरीकडं वळवलं. मला वाटलं, भावाला भितो.

सरकारी रुग्णालयात त्या दिवशी जत्रा असते. कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, पाठीवर आणलेल्या म्हाताऱ्या, कानाला हात लावून 'काय?' विचारणारे. जो तो आपला कमीपणा फायलीत घालून रांगेत उभा. आमचा नंबर एकतीस होता. पंचवीस झाल्यावर मी पाणी प्यायला उठले, आणि जिन्याखाली आबासाहेबांनी मला गाठलं. एका हातानं माझं तोंड दाबलं, दुसऱ्यानं मनगट पिरगळलं.

"खांद्याचं नाव काडशील तर हितंच गाडीन तुला. बोटं म्हन. लई तर लई बोटंच म्हन. कळलं?"

मी त्यांचा तळवा चावले. दात आत जाईपर्यंत चावले. तोंडात खारट चव आली तरी सोडलं नाही. ते गुरासारखे हंबरले आणि मागं सरले.

"भ्यायलात?" मी थुंकून म्हटलं. "आठ महिन्यांनी भ्यायलात?"

त्यांनी मला मारायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. त्यांच्या हातातून रक्त गळत होतं आणि त्यांचे डोळे भरले होते. चोराच्या उलट्या बोंबा, मी मनात म्हटलं. तेव्हा मला तेवढंच कळलं.

एकतीस नंबर पुकारला. आम्ही चौघंही आत गेलो. टेबलामागं तीन डॉक्टर होते. हाडांचे डॉक्टर म्हातारे होते, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी फाईल उघडली.

"बोटं बघितली आहेत की. अठ्ठावीस दिलेत. परत कशाला?"

"खांदा राहिला," मी म्हणाले.

"शर्ट काढा."

गोरक्ष हलला नाही. मी पुढं होऊन त्याची गुंडी सोडायला लागले. त्यानं डाव्या हातानं मला ढकललं. मी परत धरली. डॉक्टर बघत होते, दारातली माणसं बघत होती, आणि आम्ही नवरा-बायको एका सदऱ्यासाठी झोंबत होतो. शेवटी मी सदरा गळ्यापाशी धरून खाली ओढला. दोन गुंड्या फरशीवर उडाल्या.

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. खांद्याचं हाड एका बाजूला वर आलेलं, चुकीच्या गाठीसारखं. त्याखालचा दंड वाळून माझ्या मनगटाएवढा झालेला. डॉक्टरांनी हात हळू वर उचलला, कोन मोजायची पट्टी लावली, खाली आणला, बाजूला नेला, सुई टोचून 'कळतं का?' विचारलं. बराच वेळ मोजत होते. मग सहज विचारतात तसं विचारलं, "हे कशानं झालं?"

गोरक्ष फरशीवरच्या गुंड्या डाव्या हातानं वेचायला लागला.

"मारलंय," मी म्हणाले. "मशीनबिशीन सगळं खोटं आहे, डॉक्टर. यांनी मारलंय." मी आबासाहेबांकडे बोट केलं आणि पर्समधून अर्ज काढून टेबलावर ठेवला. मला आनंद झाला होता. खोटं कशाला बोलू? फार आनंद झाला होता.

आबासाहेबांनी आईकडे पाहिलं. मग रुमाल गुंडाळलेला हात मागं घेऊन सरळ उभे राहिले.

"व्हय," ते म्हणाले. "म्या मारलं. लिव्हा."

आठ महिने ज्या शब्दांसाठी मी जळत होते ते इतके स्वस्तात मिळाले. आणि तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "खोटं बोलतो त्यो."

"आई!" आबासाहेब ओरडले.

"गप. बोटं ह्यानं तोडली, ती खरी. खांदा ह्यानं न्हाई मोडला. खांदा म्या मोडला."

त्या पुढं आल्या आणि टेबलाची कड धरून उभ्या राहिल्या. डॉक्टरांशी बोलत होत्या, पण सगळं मला सांगत होत्या.

"म्या भाकर घेऊन गेल्ते. बोटं पडल्याली. ह्यो आबा कोयता फेकून देऊन रडत हुता, पंचा बांधत हुता भावाच्या हाताला. आन ह्या गोरख्यानं त्याला चारीत पाडला. छातीवर बसला. डाव्या हातानं दगड घेतला, येवडा. येक मारला. ही बगा." त्यांनी आबासाहेबांची टोपी काढली. भुवईपासून वर केसांत गेलेला व्रण होता. टेम्पोचं दार लागलं, असं मला घरात सांगितलं होतं. "दुसरा उचलला. म्या वरडले, गोरख्या, सोड, मरंल त्यो! त्यानं माज्याकडं बगितलं. वळखलं मला. आई म्हून वळखलं. आन तरीबी दगड खाली न्हाई घेतला, अजून वर नेला. मग फावडं हुतं तिथं. डोस्क्यात घालवंना. म्हून माज्या बाजूचा खांदा बगितला."

आबासाहेबांनी आईच्या हातातून टोपी घेतली आणि परत घातली.

"दोनी माजेच हायती," त्या म्हणाल्या. "येक ठिवायचा तर दुसरा मोडावा लागला."

"आई, गप बस," गोरक्ष म्हणाला. तो आवाज मी पाच वर्षांच्या संसारात कधी ऐकला नव्हता. चढलेला नव्हता. थंड होता.

म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा परत कपाळावर चढवला. मग त्यांनी पेन उचललं.

"आजी, कोणी मारलं ते लिहायला माझ्या फॉर्मवर जागाच नाही. 'इजा' एवढंच लिहितो मी. पहिल्या वेळी नुसता शर्ट काढला असता तरी मी मोजलं असतं. कागदावर मशीन असो नाहीतर बैल." त्यांनी आकडे मांडले, शेजारच्या डॉक्टरांना दाखवले. "बोटं आणि खांदा मिळून चोपन्न टक्के. पोलिसांत द्यायचं असेल तर चौकी खाली आहे. तुमचं तुम्ही ठरवा. बत्तीस नंबर!"

माझा अर्ज त्यांनी न वाचता परत माझ्या हातात दिला.

चोपन्न. मला चाळीस हवे होते, मिळाले चोपन्न. मी जिना उतरत होते. ज्याला मी आठ महिने राक्षस म्हणत होते तो आईचं पाप आपल्या अंगावर घेऊन माझ्या शिव्या खात होता. म्हणजे तो काही संत नव्हता. बोटं त्यानंच तोडली होती, माझं कपाळ त्यानंच फोडलं होतं. पण दगड उचललेला हात त्याचा नव्हता.

आवारात टेम्पोपाशी आलो. गोरक्षनं माझ्या हातातून अर्ज घेतला. एक टोक दातांत धरलं, दुसरं डाव्या हातात, आणि फाडला. परत फाडला. मग त्याच हातानं माझ्या तोंडात मारली.

मी टेम्पोच्या फाळक्यावर आपटले. ओठ फुटला. पाच वर्षांत त्यानं माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. मी सावरायच्या आत दुसरी बसली, मग कमरेत लाथ. शिवी नाही, ओरडणं नाही. शेतात कोळपं चालवावं तसा, मापात, न चुकता मारत होता. आणि त्याचे डोळे माझ्यावर होते. मला ओळखत होते.

"टक्के पायजे हुते ना तुला?" तो हळू आवाजात म्हणाला. "मिळालं?"

आबासाहेबांनी त्याला मागून कवळा घालून धरलं. चावलेल्या हाताचं रक्त गोरक्षच्या सदऱ्यावर लागलं. दोन रखवालदार धावत आले, माणसं जमली. "काय न्हाई, घरचं हाय," आबासाहेब म्हणाले. सगळे तेवढ्यावर पांगले.

थोड्या वेळानं गोरक्षनं अंग सैल सोडलं, सदरा झटकला आणि म्हणाला, "चला, च्या पिऊ." चहा प्यायला आम्ही. त्यानं माझ्या कपात साखर कमी आहे का विचारलं.

परतताना तो पुढं भावाशेजारी बसला.  मागं हौद्यात मी आणि सासूबाई. वाऱ्यानं त्यांचं लुगडं फडफडत होतं. त्यांनी पदराचं टोक थुंकीनं ओलं करून माझ्या ओठावरचं रक्त पुसलं. मी त्यांचा हात झटकला. त्यांनी परत पुसलं.

"माझ्याशी बोलू नका," मी म्हणाले. "तुम्ही मला आधी सांगायला हवं होतं."

"काय सांगनार हुते? तुजा नवरा कसा हाय ते?"

"तुम्ही त्याचा हात मोडलात."

"मोडला." त्या रस्त्याकडे बघत होत्या. "रोज मोडल्याला बगते. तुला वाटतं मला झोप येती?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तू राहुरीत खोल्या बगितल्यात. मला ठावं हाय."

मी पर्स मांडीवर ओढून घेतली.

"आबा आग हाय. भडकतो, इजतो, मंग रडत बसतो. त्याच्या पुढं कुनीबी हुबं राहील. गोरख्याचं तसं न्हाई. ह्यो मनात ठिवतो. ल्हानपनी आबानं याची भाकर हिसकली तर ह्यो रडायचा न्हाई, चार दिस वाट बगायचा." टेम्पो खड्ड्यातून गेला आणि आम्ही दोघी एकमेकींवर आदळलो. त्यांनी माझं मनगट धरलं, ते सोडलं नाही. "मला त्याची भीती वाटती, रुपाली. आई असून वाटती."

"दुखण्यानं झालं असेल त्याचं," मी म्हणाले. माझंच मला पटलं नाही.

"आसंल. त्या दिशी म्या हुते फावडं उचलायला," त्या म्हणाल्या. "राहुरीत कोन आसंल?"

तीन आठवड्यांनी कार्ड मोबाईलवर आलं. फोटो चांगला आलाय, चोपन्न टक्के लिहिलंय, पेन्शनचा अर्जही मीच भरून ठेवलाय. गोरक्ष रोज विचारतो, "कवा निगायचं?" आणि हसतो. खोल्यांच्या मालकिणीचा सकाळ-संध्याकाळ फोन येतो. मी उचलत नाही.